नोटेला घडी घालू न देणारे मनोहरराव

मनोहरराव साहेबांची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली, आणि त्या भांडणात चूक त्यांचीच होती असं मला अजूनही वाटतं. माझ्या सासूबाई नुकत्याच वारल्या होत्या. त्यांच्या गाडग्यातून निघालेल्या नोटा आणि शेळ्या विकून आलेल्या नोटा एकाच चंचीत कोंबून मी आमच्या पोखर्णीच्या बँकेत गेले होते. बायामाणसं नोटा कशा ठेवतात ते तुम्हाला माहीत आहे. घडीवर घडी, सुपारीएवढी गोळी करून. खिडकीपलीकडं एक काडीसारखे बारीक, चष्मेवाले कॅशियर बसले होते. वालूरकडून नवीन बदलून आलेले. त्यांनी एकेक गोळी उलगडली, तळहातानं सपाट केली आणि पुढची उचलायच्या आधी तिच्याकडं बघत बसले. माझ्यामागं रांग वाढत चालली.

मी म्हटलं, “काय झालं सायब? खोटी हाय का?”

“खोटी न्हाई, बाई. पण ही घडी बगा. बरूबर हरणाच्या पायावरून गेली.”

ती जुनी हिरवी पाच रुपयांची नोट होती, मागं हरणं असलेली. मी म्हटलं, “हरणं आमच्या रानात लय हायत. हरभरा खाऊन जातेत. त्यांचे पाय मोडले तर बरंच हाय. नोट चालती का न्हाई तेवढं सांगा.”

सगळी रांग हसली. साहेब पण हसले, पण त्यांनी नोट माझ्याकडं फिरवली आणि म्हणाले, “चालती. पण एकदा नीट बगा तर खरं.” बघायला मला वेळ नव्हता, शेळ्या वडाखाली बांधून आले होते. तरी बघितलं. त्या हरणाच्या पोटाखाली बारीक गवत होतं, पाती न् पाती वेगळी. इतकी वर्षं ती नोट आमच्या घरात होती आणि ते गवत कुणाला दिसलं नव्हतं.

सत्कार समितीनं मला साहेबांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी बचत गटाच्या बायांच्या वतीनं दोन पानं लिहायला सांगितलीत. मी शाळा दुसरीपर्यंत बघितली, तीही पाऊस नसेल तवा, आणि लिहायवाचायला शिकले ती पुढं बचत गटात. त्यामुळं जसं बोलते तसंच लिहिते. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे लिहिताना माझं चित्त गुणगानात नाही. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं, त्या माणसाला आता दिसेनासं झालंय, आणि मंडळी मंडपाचं कापड केशरी घ्यावं का निळं यावर बसलीत. त्याची काळजी मला जास्त आहे. तरी रीतसर आधी त्यांच्या कामाबद्दल लिहिते.

साहेबांनी आमच्या गावात पुष्कळ वर्षं नोटा मोजल्या. नरसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांच्या नोटा बँकेत यायच्या त्या हळदीकुंकवानं माखलेल्या, नारळाच्या पाण्यानं एकमेकींना चिकटलेल्या. साहेब त्या हळूच सोडवायचे आणि कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचे. रांगेतली माणसं वैतागायची. कुणीतरी मागून ओरडायचं, “सायब नोटा मोजायलेत का वाचायलेत?” मॅनेजर तर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “मनोहरराव, नोटा मोजा, त्यांना आंघोळ घालू नका.” साहेब हो म्हणाले आणि पुसत राहिले.

टाचणीचा तर त्यांना फार राग. तवा नोटांची बंडलं तारेच्या टाचण्यांनी टोचायची पद्धत होती. अडत्यांकडून बंडल आलं की साहेब आधी ती टाचणी दोन्ही टोकांनी सरळ करायचे आणि मग अलगद ओढायचे, जसा पोराच्या पायातला काटा काढतात तसा. एक अडत्या म्हणाला, “सायब, कागदच तर हाय.” साहेबांनी त्याला आत बोलावून नोट उजेडाला धरून दाखवली. म्हणाले, “ही रेष कुणीतरी पोलादावर हातानं कोरलेली हाय शेठ. उलटी कोरायची, तवा सुलटी छापती. एक रेष चुकली तर खोडता येत न्हाई. त्या माणसानं यात वर्ष घातलं आसंल, आन् तुमी त्यातून तार घालायलाव.” अडत्यानं पुढं टाचण्या बंद केल्या का, तर नाही. पण साहेबांनी सांगायचंही बंद केलं नाही.

बँकेच्या पेटीतली एखादी जुनी नोट त्यांच्या मनात भरली तर शिपायाला समोर उभं करून, आपल्या खिशातली तेवढ्याच किमतीची नोट पेटीत टाकून मगच ती घ्यायचे. शिपाई कंटाळायचा. म्हणायचा, “सायब, मी इस्वास ठेवतो की तुमच्यावर.” साहेब म्हणायचे, “तू ठेव रे. पण मला तुझी साक्ष लागती.” असा घरच्या पेटीत त्यांचा संग्रह झाला. दोनवरचा वाघ, दहावरचं शिडाचं जहाज, मोर, शंभरावरचं धरण. किमतीला त्यातल्या बऱ्याच नोटा आज चहा पण आणणार नाहीत. साहेब त्या किमतीसाठी ठेवत नव्हते.

त्यातली एक माझी आहे. सासूबाईंच्या गाडग्यात निजामाच्या काळातली एक नोट निघाली होती. साहेब म्हणाले, ही आता चालत नाही. मी म्हटलं, “मग चुलीत घालते.” तर साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, “हिच्यावर उर्दू हाय, कानडी हाय, तेलुगू हाय, इंग्रजी हाय आन् हे बगा, कोपऱ्यात आपली मराठी. इतक्या भाषा एका वितीत बसवल्यात आन् गर्दी दिसती का बगा.” मला तवा वाचता येत नव्हतं, पण गर्दी नव्हती हे खरं. मी म्हटलं, घ्या तुम्हीच, माझ्या काय कामाची. त्यांनी फुकट घेतली नाही. परभणीहून मला शिवणाची चांगली कात्री आणून दिली. नोट निजामाची, न चालणारी, आणि कात्री नवीकोरी. असा व्यवहार करणारा कॅशियर बँकेनं कसा ठेवला कोण जाणे.

मी वाकळा शिवते हे त्यांना त्या कात्रीमुळं कळलं. एकदा घरी आले तर माझी वाकळ उन्हात टाकलेली. साहेब खिशातून भिंग काढून वाकळीवर वाकले. मला वाटलं, माणूस कामातून गेला. मग त्यांनी एक नोट काढून वाकळीशेजारी धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. नोटेच्या कडेला बारीक रेषांची जाळी असते ना, लाटेसारखी फिरत आत जाणारी, तिच्यात आणि माझ्या टाक्यात त्यांना एकच चाल दिसली होती. म्हणाले, “तुमी बी कडंपासून फिरत मधी जाताव. हे बी तसंच जायलंय. पण बाई, इथं कोपऱ्यात तुमी घाई केली.” केलीच होती. त्या कोपऱ्याशी आले तवाच शेळीनं दावं तोडलं होतं. पण सांगायची काही गरज होती का? माझ्या जावेनं ते ऐकलं आणि वर्षभर मला कोपरा कोपरा म्हणून चिडवलं. पुढच्या वाकळीला साहेबांनी वर्तमानपत्रावर नोटेची वेलबुट्टी मोठी करून काढून दिली. ती वाकळ नातीच्या लग्नात दिली. तिच्या सासरचे लोक ती अंथरत नाहीत, भिंतीला टांगतात. थंडीत कुडकुडतात आणि टांगतात.

उपकाराचं म्हणाल तर नोटबंदीचं एकच सांगते. साहेब तवा कधीचे निवृत्त झाले होते. गावातल्या आम्ही बाया पार घाबरलो होतो, कारण डब्यात, उशीत, पिठाच्या कोठीत आमचं जे होतं ते नवऱ्यांना माहीत नव्हतं. साहेब देवळाच्या पायरीवर बसले आणि एकेकीची बँकेत पैसे भरायची चिठ्ठी लिहून देऊ लागले. कुणाकडं किती हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. गावातल्या किती संसारांत त्या महिन्यात भांडण झालं नाही ते साहेबांमुळं. आमच्या शेजारणीचा नवरा त्यांना विचारायलाच आला, “सायब, आमच्या हिच्याकडं काय निघालं का?” साहेब म्हणाले, “निघाली की. तुमच्याबद्दल तक्रार निघाली.” तो परत आला नाही.

आता काळजीचं लिहिते.

समितीचा अध्यक्ष बालाजी, मंडप आणि लाऊडस्पीकरवाला. पोरगा वाईट नाही. साहेबांनीच त्याला दुकानासाठी कर्जाचे कागद समजावून दिले होते, ते तो विसरला नाही. तो गेल्या महिन्यात माझ्याकडं एक पिशवी घेऊन आला.

“मावशी, गुपित हाय. कुणाला सांगू नका. सायबांना हार घालायचा, पण फुलांचा न्हाई. नोटांचा.”

“लग्नातल्या नवरदेवासारखा?”

“तसा न्हाई वो. त्यांच्याच जुन्या नोटांचा. सायबांच्या घरच्या काकूंनी पेटीतल्या काढून दिल्यात. सायबांना पत्ता न्हाई. स्टेजवर बघून डोळ्याला पाणी येतंय का न्हाई बगा.”

“येईलच,” मी म्हटलं.

हारवाला तारा मारतो, त्या गंजतात, म्हणून बालाजीला ते काम माझ्या सुईदोऱ्यानं करून पाहिजे होतं. नोटेचा पंखा करायचा, मधी टाका घालायचा आणि लाल रिबिनीवर बसवायचा. मी नको म्हणायच्या आत त्यानं एक नोट काढली, दुमडायला लागला आणि “असं, मावशी, असं” म्हणत शर्टाच्या खिशाला लावलेली टाचणी तिच्यातून आरपार घातली. मी त्याच्या हातावर चापट मारली. नातवंडांना मारते तशी नाही, जोरात. त्याला काय चुकलं तेच कळलं नाही. तो बिचारा मानानं करायला गेला होता. पिशवी मात्र मी ठेवून घेतली, कारण परत दिली असती तर ती गंगाखेडच्या हारवाल्याकडं गेली असती.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात उंदीर, अंगणात शेळ्या, आणि शेळी कागद सोडत नाही. पिशवी पिठाच्या डब्यात ठेवली, तर सून पीठ काढायला गेली की मी मागं मागं. ती म्हणाली, “आत्याबाई, मी पीठ चोरायले का?” पिशवी साडीच्या ट्रंकेत ठेवली, तर डांबराच्या गोळ्यांनी रंग उडेल ही भीती. आणि सगळ्यात मोठी भीती साहेबांची. पेटी उघडली आणि रिकामी दिसली तर? माणूस पंचाहत्तरीचा, रक्तदाबाची गोळी चालू. शेवटी समिती गेली खड्ड्यात म्हटलं आणि पिशवी पदराखाली धरून सकाळी त्यांच्या घरी गेले.

दार सुमनबाईंनी उघडलं. साहेबांच्या मंडळी, फार सोशीक बाई. पिशवी बघून त्या जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “कळलं का त्यांना? मला वाटलं, त्यांचा जीव उडाला यातून. पेटी उघडतच न्हाईत हो आताशा. कितीक महिने झाले, हात लावला न्हाई. म्हणून दिल्या मी.”

तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. आलं नाही.

साहेब ओसरीवर उन्हात बसले होते. माझ्या पायरवाला मान वर केली. “कोण? सरूबाई का?”

“तोंड बगून इचारायलाव व्हय?”

“शेळ्यांचा वास तुमच्या आधी येतो बाई,” ते म्हणाले, आणि मीही हसले.

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. हार, बालाजी, पिशवी, पीठ. टाचणीचं तेवढं नाही सांगितलं. म्हटलं, बघतीलच, आणि मग जे बोलायचं ते बोलतील. साहेबांनी पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक नोट काढून बघू लागले. आधी अंगठा फिरवायचा, मग भिंग डाव्या डोळ्याला लावायचं, मग नोट उन्हाकडं धरायची. “ठीक हाय,” म्हणायचे आणि पुढची. मी मात्र ती टोचलेली नोट कधी येते याची वाट बघत होते.

ती आली. साहेबांनी अंगठा फिरवला, भिंग लावलं, उन्हाला धरली. टाचणीच्या भोकातून उजेड आला आणि बारीक ठिपका होऊन त्यांच्या गालावर पडला. मला तो ठिपका दिसत होता.

“ठीक हाय,” साहेब म्हणाले, आणि पुढची नोट घेतली.

मी शिव्या खायच्या तयारीनं आले होते. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या माणसाला माझ्या वाकळीच्या कोपऱ्यातली घाई दिसली होती, त्याला उन्हात धरलेलं भोक दिसलं नाही.

मी विचारलं, “सायब, ते जहाज कोणत्या दिशेला जायलंय सांगा.”

त्यांनी दिशा सांगितली, शिडं सांगितली, खालच्या लाटा पण सांगितल्या.

“पाठ हाय ते इचारत न्हाई मी. दिसतंय का ते इचारायले.”

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. सुमनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग साहेब म्हणाले, “धुकं हाय, सरूबाई. पांढरं.”

गावातल्या मंडळींना हे माहीत नाही म्हणून लिहिते. साहेबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालंय, आणि त्यातून नीट दिसलं नाही. आतला पडदाच आधीपासून खराब होता असं डॉक्टर म्हणाले, त्यात कुणाचा दोष नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू आता पार पिकलाय. परभणीच्या डॉक्टरांनी लवकर करा म्हणून सांगितलंय, जास्त थांबलं तर डोळ्यालाच धोका आहे. धुकं एवढं दाटलंय हे साहेबांनी सुमनबाईंनाही कळू दिलं नव्हतं. आधी म्हणाले दिवाळी होऊ द्या. मग म्हणाले सत्कार होऊ द्या. आम्ही सगळे सत्काराच्या नावानं त्यांना थांबायला कारण देत बसलो.

मी म्हटलं, “माझे दोन्ही झाले. मी सुईत दोरा ओवते.”

“तुमचं खरं हाय,” साहेब म्हणाले. “पण माझा एक डोळा मी बगितला ना. हा बी गेला तर मग काय? आता धुक्यात का होईना, नोटेचा रंग तरी कळतोय. हिरवी हिरवी दिसती. तेवढं बी गेलं तर?”

नुसतं धीर धरा म्हणणं मला जमत नाही, आणि खोटी खात्री देणं त्याहून नाही. मी एवढंच म्हटलं, “मी हे अंकात लिवणार हाय.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक तुमाला हार घालणार हायत. डॉक्टरकडं न्यायला न्हाई आले तर मग मी काय म्हणते ते ऐकतील.”

साहेब हसले. म्हणाले, “लिवा. पण सुमनवर काही लिवू नका.” मी सुमनबाईंवर चांगलंच लिहिलंय, असं समितीनं त्यांना वाचून दाखवावं.

मग बालाजीला बोलावलं आणि सांगितलं. तो ओट्यावर बसला आणि मोबाईल उलटा करून ठेवला. मग म्हणाला, “मावशी, पत्रिका छापून झाल्या.”

“मग त्या सायबांना वाचून दाखव. त्यांना वाचता येत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी त्यानं सत्काराची तारीख पुढं ढकलली. पाहुण्यांना फोन केले, शिव्याही खाल्ल्या असतील. हाराचं नाव परत काढलं नाही. परभणीला जायची गाडी त्यानंच ठरवली, पुण्याहून साहेबांचा मुलगा यायलाय, आणि मी पण संगं जाणार आहे, कुणी नको म्हटलं तरी. साहेब हो म्हणालेत. हो म्हणताना त्यांनी सुमनबाईंचा हात धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

हा लेख छापायला द्यायचा आहे आणि ऑपरेशन अजून व्हायचं आहे. अंक तुमच्या हातात येईल तवा जे व्हायचं ते झालेलं असेल. तुम्हाला ते माहीत असेल. मला आज माहीत नाही, आणि म्हणून माझं अक्षर इतकं वाकडं आलंय. दोन दिवस झाले, मी सुई हातात घेतलेली नाही. शेळ्यांवर उगाच ओरडते.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य मागायची रीत आहे. मनोहरराव साहेब, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, सुमनबाईंसह मिळो, आणि ते पांढऱ्या धुक्यात बसून काढायचं नसो. नुसती वर्षं मी तुम्हाला मागणार नाही. एक ठरावीक दिवस मागते. तुमच्या पेटीतल्या एका नोटेला टाचणीचं भोक पडलंय. कोणत्या नोटेला आणि कुठं, हे मी लिहीत नाही, बालाजीलाही सांगू दिलेलं नाही. डोळ्यावरची पट्टी निघाली की पेटी उघडा, उन्हात बसा आणि ते हुडका. सापडलं की मला बोलवा आणि माझ्यावर, बालाजीवर, सगळ्या समितीवर जितकं ओरडायचं तितकं ओरडा. मी उलट बोलणार नाही.